आधी बोट वर, मग बल्ब चालू

नववीच्या वर्गात 'गतीचे नियम' शिकवून झाले की फळ्यावर एक प्रश्न लिहून बघा. चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटून तो वर चाललाय, अजून माथ्यावर पोचलेला नाही. हवेचा विरोध सोडून द्या. या क्षणी चेंडूवर कोणकोणती बलं आहेत? बाण काढून दाखवा. न्यूटनचे तिन्ही नियम घडाघडा म्हणणारी मुलंसुद्धा दोन बाण काढतात. एक खाली, गुरुत्वाकर्षणाचा. दुसरा वर, 'फेकल्याचा'. वरचा बाण मोठा, कारण चेंडू वर जातोय ना! आणि स्पष्टीकरणही तयार असतं: "सर, फेकल्याचा जोर सरला का मंग तो खाली येते."

हे फक्त यवतमाळ-बुलढाण्याकडच्या पोरांचं आहे असं समजू नका. जॉन क्लेमेंट यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना वर उडवलेल्या नाण्याबद्दल हेच विचारलं होतं. बहुतेकांनी हाच वरचा बाण काढला. यांत्रिकीचा अख्खा कोर्स करून आलेल्यांपैकीही बहुतेकांच्या आकृतीत तो होताच.

शिकवणं कमी पडलं, पोरं लक्ष देत नाहीत, पाया कच्चा आहे, अशी कारणं आपण स्टाफरूममध्ये पटकन देतो. बोधात्मक मानसशास्त्र, म्हणजे माणूस विचार कसा करतो आणि लक्षात कसं ठेवतो याचा अभ्यास, यापेक्षा नेमकं काही सांगतं. पहिलं म्हणजे मूल वर्गात कोरं येत नाही. बैल थांबले की बंडी थांबते, पेडल मारणं सोडलं की सायकल मंदावते, हे त्याने चौदा वर्षं पाहिलेलं असतं. 'ढकलत राहिलं तरच चालतं' हा त्याचा नियम रोजच्या व्यवहारात चालतो, कारण घर्षण दिसत नाही. आपण सांगितलेला नियम त्या जुन्या समजुतीच्या शेजारी जाऊन बसतो. परीक्षेत व्याख्या विचारली की नवा बाहेर येतो, विचार करायची वेळ आली की जुना.

दुसरं म्हणजे कार्यकारी स्मृती, म्हणजे एखादी गोष्ट मनात धरून तिच्यावर काम करायची जागा, फार लहान असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली 'सात, दोन कमी-जास्त' असा आकडा दिला. नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये तो चारच्या आसपास आणला. आपल्याला 'त्वरण' ही एक गोष्ट वाटते. नववीतल्या मुलासाठी त्यात वेग, वेगातला बदल, काळ, भागाकार आणि 'मीटर प्रति सेकंद वर्ग' हे विचित्र एकक अशा पाच गोष्टी असतात. जागा तिथेच संपते.

म्हणून तासिका आखताना दोन गोष्टी कराव्या लागतात: जुनी समजूत आधी उघड्यावर आणायची, आणि नवं देताना जागा सांभाळायची. बाकी सारं तपशिलात आहे.

बाणाला कर्ता विचारा

चेंडूच्या प्रश्नावर सगळ्यात उपयोगी पडणारी सवय साधी आहे. आकृतीतल्या प्रत्येक बाणाशेजारी 'कोण कोणावर' लिहायला लावायचं. 'पृथ्वी चेंडूवर', 'टेबल वहीवर', 'दोरी बादलीवर'. कर्ता लिहिता आला नाही तर बाण खोडायचा. वर जाणाऱ्या चेंडूच्या वरच्या बाणाला कर्ता कोण? हात? हात तर सुटला. मुलं इथे अडतात, आणि त्यांनी अडावं हेच आपल्याला हवं असतं. मग म्हणायचं, 'हाताने चेंडूला वेग दिला. वेग चेंडूजवळ आहे, बल नाही.' हे एकदा सांगून भागत नाही. दोन महिने प्रत्येक आकृतीत कर्ता मागत राहा, तेव्हा कुठे तो बाण गळायला लागतो.

उलटी अडचण टेबलावरच्या पुस्तकाची. 'टेबल पुस्तकाला वर ढकलतं' हे मुलांना पटत नाही. टेबल नुसतं आड येतं, ते काय ढकलणार! इथे क्लेमेंट यांचीच दुसरी रीत कामाला येते: मुलाला पटलेल्या उदाहरणापासून न पटलेल्या उदाहरणापर्यंत मधल्या पायऱ्या टाकायच्या. वह्यांच्या दोन गठ्ठ्यांवर टोकं टेकवून प्लास्टिकची ३० सेंटिमीटरची पट्टी आडवी ठेवा, वर कंपासपेटी. पट्टी वाकते, आणि वाकलेली पट्टी वर ढकलते हे मुलांना लगेच पटतं, बोटाने दाबलं की जाणवतंही. मग दोन पट्ट्या एकावर एक. कमी वाकतात, पण वाकतात. मग लाकडी पट्टी. मग बाक. 'बाक वाकतो का?' असं विचारा आणि वर्गाला भांडू द्या. पायऱ्या गाळून थेट बाकावर उडी मारली तर पट्टीचा खेळ वेगळा आणि बाक वेगळा, असं मुलं मनात ठरवून टाकतात.

दोन बल्ब

प्रयोग दाखवला की समजतं हा आपल्याकडचा मोठा विश्वास. कॅथरीन क्राउच, एरिक माझूर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हार्वर्डच्या वर्गात हे तपासलं. प्रयोग नुसता पाहिलेल्या विद्यार्थ्यांना नंतर त्यामागचं कारण विचारलं, तर ते प्रयोग न पाहिलेल्यांच्या फारसे पुढे नव्हते. आधी अंदाज नोंदवलेले पुढे गेले, अंदाजावर आपसात चर्चा केलेले आणखी पुढे. स्मार्ट टीव्हीवर लावलेल्या व्हिडिओलाही हेच लागू आहे. अंदाज न घेता दाखवलेला प्रयोग म्हणजे करमणूक.

'धाराविद्युत' धड्यात याचा उत्तम उपयोग होतो, कारण तिथली समजूत घट्ट आहे: करंट बल्बात खर्च होतो. "पयल्या बल्बात करंट खपते, दुसऱ्याले कमी भेटते." लिलियन मॅकडरमॉट आणि पीटर शॅफर यांना १९९२ च्या अभ्यासात विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांमध्येही हीच समजूत सापडली होती.

प्रयोग एवढाच: दोन सारखे बल्ब एकसरीत, म्हणजे एकामागोमाग एक, दोन सेलना जोडायचे आणि कोणता जास्त उजळ पेटेल ते विचारायचं. सामान असं: टॉर्चचे जुन्या पद्धतीचे तारेचे बल्ब, २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअरचे. एकाच डब्यातले सहा-आठ घ्या. आता टॉर्च एलईडीच्या झाल्यामुळे हे बल्ब किराणा दुकानात मिळत नाहीत, तालुक्याच्या इलेक्ट्रिकलच्या किंवा सायकलच्या दुकानात विचारावं लागतं. एलईडी घेऊन भागवू नका. ती उलटी जोडली तर पेटत नाही, पांढरीला तीनेक व्होल्ट लागतात, दोन एकसरीत जोडल्या तर तीन व्होल्टवर अंधारच. मुलाला भलताच धडा मिळतो. शिवाय दोन मोठे नवे सेल, दोन होल्डर, वायरचे तुकडे, आणि सगळं बसवायला जुनी प्लायची फळी.

आदल्या दिवशी बल्बांची जोडी लावून घ्या. एकाच कंपनीचे, एकाच आकड्याचे दोन बल्ब एकसरीत सारखेच पेटतील याची खात्री नसते. तारेत जरासा फरक असला की एक उजळ, एक मंद. आणि वर्गात सेलच्या धन टोकाजवळचाच बल्ब उजळ निघाला तर संपलंच! आपण मोडायला निघालेली समजूत आपल्याच प्रयोगाने पक्की होते. म्हणून दोन-दोन लावून सारख्या तेजाची जोडी निवडा, त्यावर मार्करने खूण करा, आणि ती फक्त याच प्रयोगासाठी ठेवा. जोडी जमलीच नाही तरी हरकत नाही, वर्गात बल्बांच्या जागा बदलून दाखवा. तेजातला फरक बल्बासोबत जातो, जागेसोबत राहत नाही. खरं तर ही अदलाबदल जुळत्या जोडीपेक्षाही जास्त पटवते.

दुसरी अडचण उजेडाची. दोन सेलवर एकसरीतल्या प्रत्येक बल्बाला दीडच व्होल्ट मिळतात. तार लालसर पिवळी होते, आणि सताड उघड्या खिडक्यांच्या वर्गात मागच्या बाकाला काहीच दिसत नाही. तीन सेल लावायचा मोह होतो. लावू नका, कारण कुणी एक बल्ब काढून तिथे वायर जोडली की उरलेल्याला साडेचार व्होल्ट बसून तो उडतो. त्यापेक्षा चपलेच्या खोक्याला आतून काळा कागद लावा, फळी आत ठेवा आणि खोकं वर्गाकडे तोंड करून धरा.

आता क्रम. सर्किट फळ्यावर काढा, बल्बांना 'अ' आणि 'ब' नाव द्या, धन टोकाजवळचा 'अ'. पर्याय चार लिहा: १) अ जास्त उजळ, २) ब जास्त उजळ, ३) दोन्ही सारखे, ४) एकच पेटेल. खोकं बंदच असू द्या. प्रत्येकाने आधी वहीत पर्यायाचा आकडा आणि 'कारण' म्हणून एक ओळ लिहायची. मग तीन म्हटल्यावर सगळ्यांनी एकाच वेळी छातीशी तेवढी बोटं धरायची, डोक्यावर नाही. डोक्यावर धरली की अख्खा वर्ग पहिल्या नंबरच्या पोराची बोटं पाहून आपली बदलतो. आधी वहीत लिहून घ्यायचं तेही याचसाठी.

एरिक माझूर यांच्या पद्धतीत इथे एक अंगठ्याचा नियम आहे. बरोबर उत्तर साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असेल तर शेजाऱ्याशी दोन मिनिटं वाद घालू द्यायचा आणि पुन्हा बोटं घ्यायची. चाळीसच्या वर्गात म्हणजे १२ ते २८ मुलं. त्याहून कमी असतील तर चर्चा म्हणजे चुकीची चुकीशी गाठ, तिथे आपण एखादी खूण द्यावी. जास्त असतील तर वेळ न घालवता पुढे जावं. दोन बल्बांच्या प्रश्नात तुम्ही बहुतेक वेळा खालच्या टोकाला असाल. खूण म्हणून एवढंच विचारा: 'अ मधून आलेली धारा ब कडे न जाता आणखी कुठे जाऊ शकते?'

हे सगळं बिघडवणारी गोष्ट म्हणजे आपला चेहरा. चूक उत्तराला आपण 'नक्की?' म्हणतो आणि बरोबर उत्तराला मान हलवतो, हे मुलं आठवडाभरात ओळखतात. बरोबर उत्तरालाही 'नक्की? का?' म्हणा.

मग खोकं उघडा, सर्किट पूर्ण करा, दोघं सारखे. लगेच अदलाबदल. मग एक बल्ब ढिला करा, पण आधी पुन्हा अंदाज घ्या. दोन्ही विझतात.

तेज सारखं दिसलं तरी 'थोडी खर्च होत असेल, डोळ्याला दिसत नसेल' असं म्हणणारी एक-दोन हुशार मुलं असतात, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. त्यांच्यासाठी मोजून दाखवायला लागतं. बल्बांऐवजी १०० ओहमचे दोन रोधक एकसरीत लावा. तीन व्होल्टला १५ मिलीअँपिअर. सेल अगदी नवे असतील तर १६ च्या आसपास. मल्टिमीटर २०० मिलीअँपिअरवर ठेवून पहिल्या रोधकाआधी, दोघांच्या मध्ये आणि दुसऱ्यानंतर, अशा तीन ठिकाणी धारा मोजा. पहिला आकडा फळ्यावर लिहा आणि पुढचे दोन वर्गाला आधी सांगायला लावा. १० ओहमचे छोटे रोधक घेऊ नका. त्यातला एकच सेलला लागला तर तीन व्होल्टला ०.३ अँपिअर, म्हणजे ०.९ वॅट होतात, आणि पाव वॅटचा रोधक करपतो. मिलीअँपिअरवर असलेला मीटर सरळ सेलच्या दोन टोकांना लागला तर आतला फ्यूज जातो. मग मीटर धारा शून्य दाखवतो आणि आपण सेलला दोष देत बसतो.

याच बल्बांवर ओहमच्या नियमाचं गणित करू नका. पेटल्यावर तारेचा रोध आठेक ओहम असतो आणि थंड असताना त्याच्या कितीतरी कमी. आकडे जमणार नाहीत. समांतर जोडणी दाखवतानाही जुने सेल नकोत. दोन बल्ब मिळून ०.६ अँपिअरच्या वर ओढतात, दमलेल्या सेलचं विभवांतर खाली येतं, दोघं मंद होतात आणि वर्ग म्हणतो, "पाहा, करंट वाटल्या गेला."

दहावीच्या भिंगांना हीच रीत लावायची तर तिथे एकच प्रश्न पुरेसा आहे. बहिर्गोल भिंगाने खिडकीबाहेरच्या निंबाची प्रतिमा समोरच्या भिंतीवर पाडा. आपल्याकडच्या उन्हात अंधारी खोली लागत नाही, खिडकीच्या समोरची सावलीतली भिंत चालते. मग विचारा: भिंगाचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला तर? 'अर्धं झाड' असं बहुतेक म्हणतील. झाड पूर्णच राहतं, फक्त फिकं होतं. बोटं घेतल्याशिवाय पुठ्ठा लावू नका.

उदाहरण फळ्यावर कसं लिहायचं

इथून प्रश्न कार्यकारी स्मृतीतल्या जागेचा. जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की नवशिक्याला गणित 'स्वतः सोडव' म्हणून सोडून देण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणं नीट अभ्यासायला देणं जास्त फळतं. स्वतः शोधताना सगळी जागा 'आता काय करू' यातच जाते, शिकायला उरत नाही.

एक नेहमीचं उदाहरण घ्या. एसटी ताशी ५४ किलोमीटरने चालली आहे. ड्रायव्हरने ब्रेक लावला, ५ सेकंदांत गाडी थांबली. त्वरण किती, आणि किती अंतर गेली? उत्तरं: ५४ किमी प्रति तास म्हणजे १५ मीटर प्रति सेकंद, त्वरण उणे ३ मीटर प्रति सेकंद वर्ग, अंतर ३७.५ मीटर.

नेहमीच्या पद्धतीत डावीकडे 'दिलेले', मध्ये सूत्र, उजवीकडे आकृती, खाली आकडेमोड. मूल चार ठिकाणी नजर फिरवतं आणि प्रत्येक फेरीत काहीतरी सांडतं. त्याऐवजी रस्त्याची एक आडवी रेघ काढा. डाव्या टोकाला १५, उजव्या टोकाला ०, मधल्या बाणावर ५ सेकंद. आकडे आकृतीवरच. 'दिलेले' ही यादी बोर्डाच्या पेपरात लिहायची असते म्हणून शिकवावीच लागते, पण ती महिन्याभराने.

गळती सुरू होते ती एककात. ५४ चे १५ करता करता मूल मूळ प्रश्न विसरतं. म्हणून एकक बदलणं त्या उदाहरणात शिकवायचंच नाही. आधीच्या आठवड्यात रोज दोन मिनिटं तोंडी घ्या: १८ चे ५, ३६ चे १०, ५४ चे १५, ७२ चे २०, ९० चे २५. पाढ्यासारखं तोंडात बसलं की उदाहरणात त्याला जागा लागत नाही.

मग उदाहरणं चार, एकाच जातीची. पहिलं पूर्ण सोडवलेलं. दुसऱ्यात शेवटची पायरी कोरी. तिसऱ्यात शेवटच्या दोन कोऱ्या. चौथं पूर्ण कोरं. पहिल्यावर आपण बोलत असताना वहीत काही लिहायचं नाही, पेन खाली. उतरवून घेताना ऐकलं जात नाही, आणि आपण मात्र 'लिहून झालं' म्हणजे 'समजलं' असं धरून चालतो. पहिलं समजावून झाल्यावर प्रत्येक पायरीशेजारी 'हे का केलं' एवढी एक ओळ मुलांनी लिहायची. हे गाळलं तर मुलं पहिल्याचे आकडे बदलून दुसरं सोडवतात. उत्तर बरोबर येतं, कळलेलं काही नसतं.

ज्या चार-पाच पोरांना हे आधीच येतं त्यांना पूर्ण सोडवलेलं उदाहरण वाचायला लावणं उलट त्रासाचं. त्यांना थेट चौथ्यावर सोडा.

पहिली पाच मिनिटं

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग प्रत्येक शिक्षकाने माहीत करून घ्यावा असा आहे. एक उतारा काहींनी दोनदा वाचला, तर काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचलेले पुढे: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तर चित्र उलटं: पुन्हा वाचलेल्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिलेल्यांना ५६.

म्हणून तासिकेची पहिली पाच मिनिटं चार प्रश्न. एक कालच्या तासाचा, एक मागच्या आठवड्याचा, एक मागच्या महिन्याचा, एक मागच्या इयत्तेचा. नववीत 'कार्य आणि ऊर्जा' चालू असताना ते असे असू शकतात: भिंतीला पाच मिनिटं ढकललं, भिंत हलली नाही, कार्य किती? घोडा गाडी ओढतो, या जोडीतलं प्रतिक्रिया बल कोण कोणावर? ७२ किमी प्रति तास म्हणजे किती मीटर प्रति सेकंद? आणि आठवीच्या 'बल व दाब' मधलं, बोथट खिळ्यापेक्षा टोकदार खिळा लवकर का घुसतो?

वही बंद, शेवटच्या पानावर उत्तरं, तीन मिनिटं शांतता. मग आपण उत्तरं सांगायची आणि ज्याने त्याने स्वतःचं तपासायचं. गुण नाहीत, रजिस्टरमध्ये नोंद नाही. गुण आले की नक्कल आली. उत्तरं सांगायची राहिली तर चुकीचंच घट्ट होतं, तेव्हा घंटा झाली तरी ती दोन मिनिटं सोडू नका. व्याख्या विचारू नका. त्याला वर्ग कोरसमध्ये उत्तर देतो आणि ज्यांना येत नाही ते त्या आवाजात लपतात. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांना चारपैकी दोनही येत नसतील तर प्रश्न सोपे करा.

रोज प्रश्न काढत बसायला कुणाला वेळ आहे? खडूचे तीन रिकामे डबे घ्या: 'या आठवड्याचे', 'या महिन्याचे', 'जुने'. तास संपताना दोन चिठ्ठ्या लिहून पहिल्या डब्यात टाका. शनिवारी पहिल्यातल्या दुसऱ्यात, महिन्याअखेर दुसऱ्यातल्या तिसऱ्यात. सकाळी डब्यांतून उचलायच्या. दिवाळीपर्यंत शंभरावर चिठ्ठ्या जमतात आणि पुढच्या वर्षी त्याच चालतात.

आपल्या भागात याचा आणखी एक फायदा आहे. सोयाबीन सोंगणीपासून कापूस वेचणीपर्यंत मुलांची हजेरी विरळ असते, विशेषतः मुलींची. आठ दिवसांनी आलेल्या मुलीसाठी पूर्ण धडा परत घेणं शक्य नसतं. पण मागच्या आठवड्याचा आणि महिन्याचा प्रश्न रोज येतच असतो, त्यामुळे सुटलेला भाग तुकड्यातुकड्याने तिच्यासमोर पुन्हा येतो. शेजारणीला एक मिनिट समजावून सांगायला लावलं तर दोघींचं भलं.

स्वाध्याय फोडा

पुस्तकातल्या स्वाध्यायाची मांडणी धड्याप्रमाणे असते. गुरुत्वाकर्षणाखालची सगळी गणितं गुरुत्वाकर्षणाची, उष्णतेखालची उष्णतेची. कोणतं सूत्र लावायचं हे मुलाला कधी ठरवावंच लागत नाही. मार्चमध्ये मात्र तेवढंच ठरवायचं असतं. डग रोहरर आणि केली टेलर यांच्या २००७ च्या प्रयोगात घनाकृतींच्या घनफळांची गणितं काहींनी प्रकारवार केली, काहींनी मिसळून. सराव करताना मिसळून करणाऱ्यांची बरोबर उत्तरं ६० टक्के, प्रकारवार करणाऱ्यांची ८९. आठवड्याने चाचणीत मिसळवाल्यांना ६३ टक्के, प्रकारवाल्यांना २०.

भौतिकशास्त्रात मिसळायचं तर वरवर सारखी आणि आतून वेगळी गणितं निवडा. मिशेलिन ची आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवलं होतं की नवशिके गणितांचे गट 'उताराची', 'स्प्रिंगची' असे करतात, तर जाणकार 'ऊर्जेच्या अक्षय्यतेची', 'दुसऱ्या नियमाची' असे. तेव्हा ही चार चिठ्ठ्यांवर लिहा. १० किलोची बादली १५ मीटर खोल विहिरीतून सावकाश, एकाच चालीने वर काढली, कार्य किती? तीच बादली ०.२ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने वर खेचली, दोरीतला ताण किती? मोटरपंपाने ५०० लिटर पाणी १२ मीटर उंच टाकीत चढवलं, किती ऊर्जा लागली? ३०० किलोची बंडी थांबलेल्या स्थितीतून ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने निघाली, निव्वळ बल किती?

सोडवायचं नाही. फक्त दोन गट करायचे आणि गटाला नाव द्यायचं. पहिल्या फेरीत दोन बादल्या एका गटात जातात, हे ठरलेलं. मग विचारा, पहिल्यात काय शोधतोय आणि दुसऱ्यात काय. बादली-पंप एका गटात आणि बादली-बंडी दुसऱ्या गटात आली की मग आकडे: १४७० ज्यूल, १०० न्यूटन, ५८,८०० ज्यूल, १५० न्यूटन. सुरुवातीलाच मात्र मिसळू नका. प्रत्येक प्रकार एकदा तरी वेगळा शिकवून झालेला हवा, नाहीतर नुसता गोंधळ होतो.

प्रशिक्षणांत अजूनही 'दृश्य शिकणारा, श्राव्य शिकणारा, कृतीतून शिकणारा' अशी मुलांची वाटणी करायला सांगतात. हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरचं संशोधन चाळून पाहिलं आणि अशा वाटणीला पुरेसा पुरावा सापडला नाही असं लिहिलं. भिंगाचा किरणाकृतीशिवाय धडा होत नाही, तो कोणत्याही मुलासाठी. त्या वाटणीत वेळ घालवू नका.

तक्रारी येतील त्या वेगळ्याच. 'सर शिकवत नाहीत, नुसते इचारत राहतात', असं पोर घरी सांगतं आणि पालकसभेत ते परत येतं. लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हार्वर्डच्याच भौतिकशास्त्राच्या वर्गांत हे मोजलंय: स्वतः झगडणाऱ्या विद्यार्थ्यांनी जास्त शिकलं, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. सुरेख व्याख्यान ऐकलेल्यांचं बरोबर उलटं. त्यामुळे जूनअखेर शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात एक चाचणी घ्या. अर्ध्या वर्गाला उतारा दोनदा वाचू द्या, अर्ध्याला वाचून आठवायला लावा, आणि आठवड्याने अचानक विचारा. आपल्याच वर्गाचे आकडे फळ्यावर लिहिले की पोरांची कुरकुर बरीच कमी होते. मुख्याध्यापकांना दाखवायला रिचर्ड हेक यांचा १९९८ चा अभ्यास आहे. ६२ कोर्स, सहा हजारांहून जास्त विद्यार्थी. शिकवण्याआधी जितकं सुधारायला वाव होता त्यातला किती भाग खरंच सुधारला, तर नुसत्या व्याख्यानांच्या कोर्समध्ये सरासरी ०.२३, विचारत-बोलतं करत शिकवलेल्यांत ०.४८.

घटक चाचणी २० गुणांची असेल तर १४ गुण चालू धड्यावर ठेवा आणि ६ गुण जुन्या कोणत्याही धड्यावर, त्यातला निदान एक प्रश्न 'नियम ओळखा, सोडवू नका' असा. त्या ६ गुणांचे धडे आधी जाहीर करू नका. केले तर आदल्या रात्री तेवढीच पानं वाचून येतात, आणि तीन महिने डबे फिरवल्याचा काही पत्ता लागत नाही.